राजाचा दरवाजा आणि रयतेचा धक्का

मुंबई पाहावयास आलेल्या पाहुण्याला आपण प्रथम कोठे नेतो? अपोलो बंदरावरील ‘गेट वे ऑफ इंडिया’पाशी. २ डिसेंबर १९११ रोजी बादशहा पंचम जॉर्ज त्या काठावर उतरले. त्याचे स्मरण म्हणून भव्य कमान उभी राहिली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. एका राजाचे पाऊल लागले म्हणून एवढी कमान! मग ज्या धक्क्यावर लक्षावधी अनवाणी पावले उतरली, त्याच्या वाट्याला काय आले? मासळीच्या वासाने मुरडलेली आपली नाके!

भाऊचा धक्का हाच मुंबईचा खरा दरवाजा होय. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात तो बांधला. वळकटी काखेत मारून कोकणातला गिरणी कामगार आगबोटीतून येथे उतरला. गोव्याचे आपले ख्रिस्ती बांधवही, खलाशी, आचारी, वादक, या वाटेने आले. आपापल्या गावाच्या ‘कुडा’त ट्रंक टेकवून, रात्री सर्वांसोबत रोझरी म्हणत, जहाजावरील नोकरीची वाट पाहत राहिले. हे शहर अशा माणसांच्या घामावर उभे आहे.

कोणी म्हणेल, भाऊंचा मूळ धक्का आजच्या जागी नव्हता, आणि आजच्या धक्क्यात पाहण्याजोगे शिल्प ते काय? मान्य. परंतु धक्का हलला तेव्हा लोकांनी भाऊंचे नाव आपल्यासोबत नेले. कागदोपत्री ‘फेरी व्हार्फ’ झाले, तरी लोकांच्या जिभेवरून भाऊ उतरले नाहीत. दगडाला तडा जातो. हे नाव अभंग राहिले. याहून मोठा वारसा कोणता?

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक जीव गेले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजी फौजेची अखेरची तुकडी गेट वेमधून गेली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. ‘रामदास’ची कथा किती घरांत सांगितली जाते? त्या मृतांसाठी आपल्यापैकी किती जण मिस्साचा हेतू देतात?

म्हणून दोष केवळ सरकारला देऊन आपली सुटका नाही. धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत वेदी, घंटा आणि देणगीदार यांची नोंद होते. पूर्वज कोणत्या बोटीने आले, याची होत नाही. मार्च २०२० पासून मोटारी घेऊन मांडव्याला जाणारी रो-रो नौका येथून सुटू लागली आहे. नव्या सोयीचे स्वागतच आहे. पण सोयीच्या नावाखाली कोळिणीची पाटी आणि ‘रामदास’ची आठवण बाजूला सारली जाऊ नये, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

प्रभू येशूने आपले पहिले शिष्य गालीलच्या काठावर, जाळी टाकणाऱ्यांतून निवडले. त्याच्या अनुयायांनी तरी धक्क्यावरून जाताना नाकाला रुमाल लावू नये. घरातील वृद्धांना आजच विचारा, कोणत्या बोटीने आलात? उत्तर लिहून ठेवा. कमान राजाला लखलाभ असो. आपला दरवाजा आपणच जपला पाहिजे.