फाइल नको, चालता गेम दाखवा

एप्रिल संपत आला की अमरावती-अकोल्यात कॉलेजांजवळच्या बाइंडिंगच्या दुकानांत उभे राहायला जागा मिळत नाही. काळे नाहीतर मरून रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरांत प्रोजेक्टचे नाव, खाली चौघांची नावे, त्याखाली गाइड सर, मग कॉलेज. एक प्रत विभागाला, एक ग्रंथालयाला, एकेक आपापल्या घरी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षातली काही पोरे गेम हा विषय घेतात. त्यांच्याही फाइलमध्ये प्रस्तावना असते, फ्लोचार्ट असतात, रंगीत स्क्रीनशॉट असतात. गेम तेवढा नसतो. तो कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहतो आणि लॅपटॉप फॉरमॅट झाला की जातो.

पुण्यातल्या गेम स्टुडिओत ही फाइल कोणी उघडत नाही. तिथला पहिला प्रश्न असतो, ‘लिंक आहे का?’ म्हणजे तू केलेला गेम आत्ता, या फोनवर, आम्हाला खेळून बघता येईल का? वऱ्हाडातून गेलेली हुशार पोरगी किंवा पोरगा या प्रश्नाशी अडतो. त्याला कोडिंग येत असते, चित्रकला येत असते, चार वर्षांचे गुणही चांगले असतात. दाखवायला मात्र काही नसते. त्याच्या पहिल्या नोकरीचा निकाल पुण्याची गाडी पकडण्याआधीच, शेवटच्या वर्षाच्या सबमिशनच्या दिवसांत लागलेला असतो. म्हणून या विषयात बदल करायचाच असेल, तर तो आधी अमरावती आणि अकोल्याच्या वर्गांत करावा लागेल.

अभियांत्रिकीच्या शिक्षणाची इथे उणीव नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळच्या बाभुळगावची कॉलेजे १९८३ ची, आणि अमरावती विद्यापीठही त्याच वर्षी १ मे रोजी सुरू झाले. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा इथली कापूस-सोयाबीनच्या घरांतली मुले या कॉलेजांतून बाहेर पडतात. गेम करण्याचे शिक्षण मात्र बहुतेकांना वर्गात मिळत नाही. युनिटी, गोडो, ब्लेंडर ही साधने ते रात्री होस्टेलवर, यूट्यूब लावून शिकतात. गोडो आणि ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहेत, त्यामुळे पैशाअभावी अडले असे आता म्हणता येत नाही. अडते ते पुढे.

आधी घरी अडते. ‘काऊन रे, गेम खेळून पोट भरते काय?’ हा प्रश्न वऱ्हाडात घरोघरी आहे आणि तो चुकीचा नाही. गेली काही वर्षे ‘गेम’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रमीचे अ‍ॅप येत होते, कुणाच्या तरी पोराने बापाच्या खात्यातले पीक कर्जाचे पैसे उडवल्याची गोष्ट येत होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. लोकसभेत २० तारखेला, राज्यसभेत २१ ला मंजूर आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. ड्रीम११ चे नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून उतरले. त्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या बऱ्याच तरुणांना घरी बसावे लागले, त्याचे दुःख आहेच. पण याच कायद्याने ई-स्पोर्ट्स आणि पैशाविना खेळायचे गेम वेगळे काढून त्यांना प्रोत्साहन देण्याचे म्हटले आहे. आईबापांना समजावताना हा फरक आता कायद्याचा कागद दाखवून सांगता येतो.

आणि अमरावतीला तर हा फरक नवा वाटू नये. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणाऱ्या काळात या गावाने १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे शारीरिक शिक्षण हा पदवीचा विषय झाला आणि इथे शिकलेले क्रीडाशिक्षक गावोगावच्या शाळांत लागले. खेळातून शिक्षण आणि शिक्षणातून नोकरी ही वाट अमरावतीने एकदा पाडून दाखवली आहे.

आता नोकरी कुठे आहे ते पाहू. महाराष्ट्रात ती मुख्यतः पुण्यात आणि मुंबईत आहे. गेमलॉफ्टने २००० मध्ये पुण्यात सुरू केलेला स्टुडिओ २००८ मध्ये युबिसॉफ्टकडे गेला. मुंबईत युबिसॉफ्टने २०१८ मध्ये दुसरा स्टुडिओ काढला. ‘मास्कगन’ आणि २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ हे गेम करणारी सुपरगेमिंग पुण्याची. ‘राजी’ हा गेम करणारे नोडिंग हेड्सही पुण्याचे. नवशिक्याला आत जाण्याचे सगळ्यात रुंद दार म्हणजे टेस्टिंग. बाहेरून ते दिवसभर खेळण्याचे काम वाटते, प्रत्यक्षात ते लिहिण्याचे काम आहे. ‘गेम अटकतो’ असे लिहून तिथे चालत नाही. ‘तिसऱ्या लेव्हलला डावीकडच्या भिंतीला टेकून उडी मारली की माणूस जमिनीखाली जातो, दहापैकी सात वेळा, अमुक फोन, अमुक आवृत्ती’ असे लिहावे लागते. ज्याला हे नेमके लिहिता येते, तो वर्ष-दोन वर्षांत पुढच्या कामाला लागू शकतो.

हा धंदा सरळ मात्र नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जुन्या गेमचा नवा अवतार पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होता. २०२० मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा इथल्या गेम करणाऱ्यांची छाती फुगली होती. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला हलवले गेले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये एका झटक्यात गेम विभागातली १,९०० माणसे कमी केली. अनुभवी लोक रस्त्यावर असताना फ्रेशरला कोण घेणार, हा प्रश्न खरा आहे. म्हणून तर हातात चालता गेम हवा. अनुभवाच्या जागी ठेवायला नवख्याकडे तेवढेच असते.

चालता गेम म्हणजे मोठा गेम नव्हे. आमच्याकडची पोरे चुकतात ती इथे. चौघे मिळून ‘जीटीए’सारखे अख्खे शहर करायला निघतात आणि मार्चपर्यंत दोन रस्ते व एक न हलणारी गाडी तयार होते. त्याऐवजी नुसती उडी घ्या. माणूस धावत येतो, कड्यावरून उडी मारतो. खेळणाऱ्याचे बोट किंचित उशिरा पडले, पाय कड्यावरून सुटला, तर तो पडलाच पाहिजे. नियमाने तसेच आहे. पण चांगल्या गेममध्ये पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी मुभा ठेवलेली असते, तेवढ्यात बटण दाबले तरी उडी लागते. खेळणाऱ्याला हे कधी कळत नाही, त्याला फक्त गेम ‘हाताला बसतो’ असे वाटते. ही मुभा का ठेवली, किती ठेवली, किती जणांना खेळायला देऊन ठरवली, हे जो सांगू शकतो त्याच्याशी मुलाखतीत बोलणे लांबते. दहा मिनिटांचा, पण पूर्ण झालेला गेम हे बोलणे घडवून आणतो.

आणि एका बाबतीत वऱ्हाडातल्या मुलाकडे पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा जास्त आहे. भारतात गेम खेळला जातो तो मुख्यतः मोबाइलवर, आणि तो मोबाइल बहुतेकदा स्वस्तातला असतो. फोन तापला की त्यातला प्रोसेसर आपोआप स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम धक्के खाऊ लागतो. अकोल्यात २०२४ च्या मे अखेरीस ऊन असे होते की जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावे लागले. त्या उन्हात, तीन जीबीच्या फोनवर, पंख्याखाली बसून जो गेम न अडखळता चालतो, तो देशात कुठेही चालेल. अकोल्याच्या पोराने आपल्या गेमखाली एवढेच लिहावे की हा ४५ अंशांत, अमुक किमतीच्या फोनवर, अर्धा तास सलग चालवून पाहिला आहे. वातानुकूलित खोलीत बसून केलेल्या कामाला ही जोड नसते.

मग हे कॉलेजात का होत नाही? एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. कोड, रिपोर्ट, पीपीटी असे सगळे एकत्र, व्हायवाच्या प्रश्नोत्तरांसह. मुले घेतात, कारण मार्क फाइलला मिळतात. शिक्षकांकडे एकेका वर्षाला एवढे गट असतात की प्रत्येक गेम उघडून खेळणे त्यांना शक्य होत नाही. दोष एकट्या मुलांवर किंवा एकट्या शिक्षकांवर टाकण्यात अर्थ नाही. मार्क कशाला द्यायचे, हा नियम बदलायला हवा.

बदल महागही नाही. गेम विषय घेतलेल्या गटाला अट घालावी: तोंडी परीक्षेच्या दिवशी गेम प्ले स्टोअरवर किंवा इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर असला पाहिजे. इच.आयओला पैसे लागत नाहीत. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, म्हणजे चौघांत वाटून घेतले तर बाइंडिंगपेक्षा फार जास्त नाही. गूगलचा नियम असा आहे की नव्या वैयक्तिक खात्यावरून गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस तो तपासलेला असला पाहिजे. लोक या नियमावर वैतागतात. होस्टेलला मात्र हा नियम वरदान आहे. बारा पोट्टे एका मजल्यावर मिळतात. चौदा दिवस ते शिव्या घालतील, ‘हे बटन कायले ठेवलं बे’ म्हणून विचारतील, आणि गेम सुधारेल. वर्गात हे कोणी शिकवू शकत नाही.

राज्याच्या नव्या अभ्यासक्रम रचनेत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, म्हणजे ओजेटीला, श्रेयांक आहेत. अमरावती-अकोल्यात गेम स्टुडिओ नाहीत म्हणून मुले मिळेल तिथले प्रमाणपत्र आणतात. विद्यापीठाने ठरवले तर पूर्ण केलेला आणि लोकांपुढे ठेवलेला गेम या श्रेयांकांत धरता येईल. जानेवारीत जगभर ग्लोबल गेम जॅम भरतो. २००९ पासून चालू आहे. विषय जाहीर होतो आणि ४८ तासांत गेम करायचा. एखाद्या कॉलेजने दोन दिवस लॅब रात्रभर उघडी ठेवली, वीज आणि इंटरनेटची हमी दिली आणि चहा-आलुबोंड्याची सोय केली, तर अमरावतीलाही त्याचे केंद्र चालवता येईल. मुलींसाठी सुरक्षित वेगळी व्यवस्था आणि घरच्यांना आधी एक फोन, एवढे कॉलेजने आवर्जून करावे. नाहीतर रात्रीच्या कामातून मुलीच सगळ्यात आधी वगळल्या जातात.

सरकारचे पैसेही येऊ घातले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने १६ सप्टेंबर २०२५ रोजी अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठीचे धोरण मंजूर केले, त्यात ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली आहे. २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यामार्फत १५,००० माध्यमिक शाळा आणि ५०० कॉलेजांत या विषयाच्या लॅब काढण्याचे जाहीर झाले. त्या ५०० पैकी अमरावती विभागात किती, हे विचारायला इथल्या आमदार-खासदारांनी आणि प्राचार्यांनी आताच उठले पाहिजे. यादी छापून आल्यावर निवेदने देऊन काही हाती लागत नाही, हे कारखान्यांच्या बाबतीत वऱ्हाडाने पुरेसे पाहिले आहे.

करायला विषय कुठून आणायचे, हाही प्रश्न पोरे विचारतात. ‘राजी’ने राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रे आणि सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ घेतला आणि २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनापर्यंत मजल मारली. ‘वेंबा’ हा छोटा गेम कॅनडात राहणाऱ्या एका तमिळ आईचा. आईच्या वहीतल्या पुसट पाककृती जुळवत इडली करायची. त्याला २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. इथे नरनाळा आहे, गाविलगड आहे, मेळघाटातली कोरकू गावे आहेत, रिद्धपूर आहे जिथे लीळाचरित्र घडले. भरीत-भाकरीची वांगी भाजायचा गेमही चालेल. तो पोराने वऱ्हाडी बोलीतच लिहावा. बोली लपवून मुलाखतीत कोणी मोठे होत नाही.

पुण्याला जावे मात्र लागेल. रात्री ट्रॅव्हल्सने निघायचे, सकाळी पुण्यात उतरायचे, पीजीचे डिपॉझिट भरायचे, आणि पहिला पगार हाती येईपर्यंत बापाकडे हात पसरायचा. हा काळ सगळ्यात अवघड असतो. बरीच मुले याच काळात थकून मिळेल ती दुसरी नोकरी धरतात आणि गेमचे काम सुटते. इथून आधीच पुण्यात गेलेल्यांनी एखादी खोली, दोन महिने, एका पोराला वापरू दिली तरी एक माणूस टिकतो. गावाकडच्या कॉलेजांनी आपले असे माजी विद्यार्थी कुठे आहेत याची निदान यादी करावी.

येत्या मे महिन्यात एखाद्या विभागात असे व्हावे. टेबलावर फाइलींची चळत नाही, चार फोन आहेत. बाहेरून आलेले परीक्षक त्यातला एक उचलतात, खुर्चीत टेकून खेळू लागतात, आणि तिसऱ्या लेव्हलला पडतात. पुन्हा खेळतात, पुन्हा पडतात. मग मान वर करून विचारतात, ‘हे इतके कठीण का ठेवले?’ समोर उभी असलेली अकोटची मुलगी सांगते की बारा जणांना खेळायला दिले तेव्हा नऊ जण इथेच पडत होते, मग कडा थोडा जवळ आणला, आता पाचच पडतात, आणि ते पाच पुन्हा खेळायला मागतात.