मोटारी मोजू नका, नळी बघा

लेस्टरमध्ये माझा खिडक्या धुण्याचा धंदा आहे. नोव्हेंबरात पानगळ संपत आली की गिऱ्हाइकं हमखास विचारतात, छपराची पन्हळही साफ कराल का? मग धंद्यात नवी आलेली पोरं थेट तीन मोटारींचा व्हॅक्यूम उचलतात. असं यंत्र अनेकदा तीन हजार वॉटच्या वर जातं. इथल्या घरगुती प्लगचा फ्यूज १३ अँपिअरचा. २३० व्होल्टला हिशेब करा, जेमतेम तीन हजार वॉट. मग वरच्या वॉटसाठी दुसरी वायर काय शेजाऱ्याकडून ओढणार?

माझ्या मते दुमजली घरांना दोन मोटारी पुरतात. पैसे घालावेत ते पोल आणि नळीत. पन्हळीत नुसती पानं नसतात. कौलांवरून घसरलेलं शेवाळ, खाली काळा चिखल, त्यात रुजलेलं गवत. अरुंद नळीत हे सगळं अडकलं की पोल उतरवा, सांधे सोडवा आणि बोळे काढत बसा. कार्बन फायबरचा पोल हलका, खांदे वाचतात. पण त्यातून वीज वाहते, हे विकणारा क्वचितच सांगतो. जवळून विजेची तार जात असेल तर मी ते काम घेत नाही.

पोलच्या टोकाला कॅमेरा हवाच. आधीचा-नंतरचा फोटो दाखवला की घासाघीस थांबते. आणि व्हॅक्यूमचं पिंप! सत्तर लिटरचं भरलं की वजन सत्तर किलोच्या घरात. तळाशी तोटी नसेल तर ते उचलणार कोण? शिडी टाळायला यंत्र घ्यायचं आणि कंबर मोडून घ्यायची, हा कुठला शहाणपणा? मी जास्त पौंड मोजले, पण तोटीवालंच घेतलं.