पेंगणाऱ्या वर्गाचे मोजमाप

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधल्यानंतर हा निर्णय झाला. तो स्वागतार्हच होता. पण झोपेची खरी ओढाताण सुरू होते ती चौथीनंतर. पौगंडावस्थेत झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते. मुले अकरापर्यंत जागतात ती केवळ मोबाइलच्या नादाने नव्हे. या वयाला आठ ते दहा तासांची झोप हवी. सातच्या शाळेसाठी सिडको-सातपूरकडून निघणारा विद्यार्थी साडेपाचला उठला, तर त्याच्या पदरी साडेसहाच तास पडतात.

तरीही वर्गात पेंगणारा मुलगा आळशी ठरतो. हा शिक्का पुसायचा तर पेंग मोजली पाहिजे, आणि ती मोजता येते. मेलबर्नचे डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एपवर्थ मापनश्रेणी प्रसिद्ध केली. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याचा संभव किती, यास शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली की पेंग प्रमाणाबाहेर. परंतु हे प्रसंग प्रौढांचे आहेत. रहदारीत थांबलेली मोटार किंवा मद्याविना झालेले भोजन यांवरून नववीतल्या मुलाची झोप कशी कळावी? म्हणूनच चिनी संशोधकांनी किशोरांसाठी सात प्रश्नांची स्वतंत्र श्रेणी बेतली आणि शांडोंग प्रांतातील विद्यार्थ्यांवर ती पारखून घेतली. माध्यमिक वर्ग आठपूर्वी भरवू नयेत, असा दंडकही चीनच्या शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये घालून दिला.

एकाच इमारतीत दोन सत्रे चालविणाऱ्या संस्थांची अडचण खोटी नाही. सकाळची घंटा पुढे सरकली की दुपारच्या सत्रातील मुलांना घरी पोहोचायला अंधार पडतो. नेमके यासाठीच निर्णयाआधी मोजमाप हवे. पहिल्या तासाला डोळे मिटतात काय, गृहपाठ करताना डुलकी लागते काय, असे मराठी मुलांच्या दिनक्रमातले प्रश्न तज्ज्ञांनी तयार करावेत, पारखावेत आणि नाशिकच्या शाळांनी दोन्ही सत्रांत, नावे न घेता, ते विचारावेत. यास कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागत नाही. दोन सत्रांतील तफावत एकदा आकड्यांत दिसली, म्हणजे दोष मुलाचा की घड्याळाचा, याचा निवाडा छडीऐवजी पुराव्याने होईल.