एआय कोड लिहितो ठीक, पण ‘ॲड’ कोण करतं?

एआयला सांगितलं की तो कोड लिहितो, फाइल्स बदलतो आणि वर कमिटही करून मोकळा होतो. सध्या याचीच हवा आहे. माझी हरकत कोड लिहिण्याला नाही. या घाईत मधली एक पायरी गुपचूप गळते, तिला आहे. ती पायरी म्हणजे स्टेजिंग.

गिटमध्ये फाइल सेव्ह केली म्हणजे ती इतिहासात गेली असं नाही. आधी ‘गिट ॲड’ करून बदल स्टेजवर आणायचा, मग ‘गिट कमिट’. ॲड केल्यावर तीच फाइल पुन्हा बदललीत, तर नवा बदल बाहेरच राहतो, कारण स्टेजवर ॲड केलं त्या क्षणाची प्रत असते. नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथेच.

‘गिट ॲड डॉट’ मात्र त्या फोल्डरमधलं सगळं सरसकट उचलतं. ‘गिटइग्नोर’मध्ये नाव नसेल, तर पासवर्ड ठेवलेली ‘डॉट ई-एन-व्ही’ फाइलसुद्धा. पुढच्या कमिटमध्ये ती डिलीट केली तरी जुन्या कमिटमध्ये ती शाबूत!

अशी की उघडी पडली तर काय होतं? टोयोटाचं उदाहरण बघा. एका कंत्राटदाराने टी-कनेक्ट सेवेचा काही कोड चुकून गिटहबवर सार्वजनिक ठेवला. त्यात डेटा सर्व्हरची की होती. २०१७ ते सप्टेंबर २०२२, जवळजवळ पाच वर्षं ती तिथेच पडून होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते धोक्यात आले.

२०२४ पासून गिटहब सार्वजनिक रिपॉझिटरीत जाणाऱ्या ओळखीच्या की आपणहून अडवतं. पण तुमच्या डेटाबेसचा ‘साई१२३’ छाप पासवर्ड त्याला कसा ओळखू येणार?

म्हणून मी एआयला कमिटची परवानगीच देत नाही. ‘गिट ॲड’ला ‘डॅश पी’ जोडलं की गिट बदलाचा एकेक तुकडा दाखवून विचारतं: घेऊ की नको? वाय किंवा एन दाबायचं. मोबाइलवर टर्मक्समध्येही हे चालतं. शेवटी ‘गिट डिफ डॅश डॅश स्टेज्ड’ने एक नजर.

जुजुत्सूसारख्या नव्या टूलमध्ये स्टेजिंग नाहीच, म्हणून ते जुनाट आहे असं काहीजण म्हणतात. म्हणोत. तिथेही बदल वेगळे करायला ‘स्प्लिट’ आहेच, म्हणजे बघावं लागतंच.

आणि की गेलीच असेल तर इतिहास साफ करत बसू नका. आधी ती की रद्द करा, मग बाकीचं.