अंगठा जुळला नाही, तर दोष कुणाचा?

रेशन दुकानातल्या, अंगठ्यावरून ओळख पटवणाऱ्या ई-पॉस मशीनबद्दल कुणी तक्रारीचा सूर काढला की लगेच विचारलं जातं, "मग काय, परत वहीवर जायचं? दुकानदारांना पुन्हा रान मोकळं करून द्यायचं?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. वहीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो परत नको आहे, मलाही नको आहे. मेलेल्या माणसांच्या नावावर गहू उचलला जाई, गरिबाचं कार्ड दुकानदाराकडेच पडून असे आणि 'या महिन्यात माल आला नाही' म्हटलं की विषय संपे. माल खरंच आला की नाही, हे पडताळायला गिऱ्हाइकाकडे काहीच साधन नव्हतं.

मशीनने यातलं बरंच मोडून काढलं. स्थलांतर करणाऱ्यांसाठी तर त्याहून मोठं काम झालं. बीडकडून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांचं हंगामभराचं धान्य पूर्वी गावच्या दुकानातच राहायचं, आणि तिथून कुठे जायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्या करून दुसऱ्या राज्यात धान्य देण्याची सोय सुरू झाली, पुढे ती देशभर पोचली. आता कारखान्याजवळच्या दुकानात कार्डाचा नंबर सांगून अंगठा लावला की प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळू शकतं. वहीच्या जोरावर हे कधीच जमलं नसतं. तेव्हा 'यंत्रं आली आणि गरिबाचं वाटोळं झालं' असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या बाजूने मला उभं राहता येत नाही.

पण त्याच ऊसतोड्यांच्या हातांकडे पाहा. कोयता धरणाऱ्या, विडी वळणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या, जन्मभर भांडी घासणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, भेगाळते. ज्या खुणेवर ही सगळी व्यवस्था उभी केली, ती खूण नेमकी कष्ट करणाऱ्यांच्याच बोटांवरून पुसली जाते.

वाटपाच्या दिवशी कुठल्याही दुकानासमोर थोडा वेळ थांबलं तरी हे दिसतं. म्हातारी अंगठा पदराला पुसून काचेवर टेकवते. स्क्रीनवर 300 हा आकडा येतो, म्हणजे बोट जुळलं नाही. मग ती अंगठा केसांवरून फिरवते, तेवढंच तेल लागेल म्हणून. दुकानदार तिचं बोट आपल्या हाताने दाबून धरतो. मग दुसरं बोट, मग डावा हात. मागची रांग चुळबुळायला लागते. शेवटी, "आजी, उद्या या, नाहीतर तालुक्याला जाऊन आधार अपडेट करून घ्या." दुकानदार तिला लग्न होऊन गावात आल्यापासून ओळखतो, तिच्या नातवंडांची नावं त्याला पाठ आहेत. तरी त्या दिवशी तिची ओळख पटलेली नसते. मशीनमधून पावती निघाल्याशिवाय त्यालाही माप टाकता येत नाही.

यावर पहिलं उत्तर असं येतं, की अशी माणसं शंभरात दोन-चारच. पण 2018 मध्ये आधारच्या खटल्यात खुद्द आधार प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं होतं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी यशस्वी होण्याचं प्रमाण 88 टक्के आहे. त्यानंतर यंत्रं सुधारली, डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय आली, हे मान्य. समजा, खरंच दोन-चार उरले. पण ते दर महिन्याला वेगळे नसतात. झिजलेलं बोट या महिन्यात जुळलं नाही तर पुढच्याही महिन्यात जुळण्याची खात्री नाही. टक्केवारी लहान दिसते, पण तिच्यात तेच घर पुन्हा पुन्हा मोजलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबायला हवं. पर्यायी वाट ठेवली की चोर त्याच वाटेने परत येतील, असं म्हणतात. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन राज्यांत केलेलं काम इथे उपयोगी पडतं. आंध्रात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन बोटांच्या ठशांवर चालणाऱ्या स्मार्टकार्डातून देऊ लागले, तेव्हा पैसे लवकर मिळू लागले आणि गळती घटली. तिथे ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांचे पैसे अडवले नव्हते. झारखंडात रेशनसाठी आधार पडताळणीची सक्ती केली. नुसत्या सक्तीने गळती कमी झाल्याचं दिसलं नाही. आधार न जोडलेल्यांच्या पदरात मात्र पूर्वीपेक्षा कमी पडलं. पुढे शिल्लक साठ्याचा हिशेब लावून दुकानांचा पुरवठा कापला, तेव्हा गळती घटली, पण तिची झळ लाभार्थ्यांनाही बसली. नुसत्या सक्तीने गळती का थांबत नाही, ते कुठल्याही रांगेतली बाई सांगेल. मशीन माणूस ओळखतं, पण वजनकाट्याला जोडलेलं नसेल तर पिशवीत किती पडलं ते त्याला कळत नाही. पावतीवर 20 किलो आणि पिशवीत 18, ही चोरी अंगठा जुळूनही होते.

आणि मतदान केंद्रावर काय होतं? यंत्र बंद पडलं तर राखीव यंत्र आणलं जातं, तोवर मतदार थांबतो. ओळखपत्र घरी राहिलं तर फोटो असलेला, ठरवून दिलेला दुसरा पुरावा चालतो. 'उद्या या' असं तिथे कुणी म्हणत नाही. मतदाराला जो मान आहे, तो धान्य घेणाऱ्याला का नसावा?

हा मान देण्यासाठी नवा कायदा लागत नाही. 24 ऑक्टोबर 2017 रोजी केंद्राने राज्यांना कळवलं, की आधार नाही किंवा पडताळणी झाली नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा वाटपाची वेगळी वही ठेवावी. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 8 सांगतं, की हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. करोनाकाळात तर लोकांचे अंगठे बाजूला ठेवून महाराष्ट्रात दुकानदारांच्याच पडताळणीवर धान्य वाटलं गेलं. म्हणजे मनात आणलं की वाट निघते.

तेव्हा मागणी अशी, की मशीन राहू द्या, पण ते हरलं तर त्याचा भार कार्यालयाने उचलावा. दोनदा बोट जुळलं नाही की त्याच दिवशी, दुकानावर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समितीच्या सदस्याची सही घेऊन वहीवर धान्य द्यावं. फसलेल्या प्रत्येक पडताळणीची नोंद सर्व्हरवर उरतेच. त्या नोंदींवरून पुरवठा कार्यालयाने दर महिन्याला गावनिहाय यादी काढावी, यादीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी आधारचं किट घेऊन माणूस पाठवावा आणि ज्यांना महिनाभर धान्य मिळालंच नाही त्यांच्या खात्यात अर्ज न मागता कलम 8 चा भत्ता जमा करावा.