तरंगत्या घराचा सातबारा

भारतातून आलेल्या पाहुण्यांना सिअ‍ॅटल दाखवायचं, तर लेक युनियनवरची बोटीची फेरी आलीच. ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’ या 1993 च्या चित्रपटात टॉम हँक्स राहतो ते तरंगतं घर दिसलं की फोन बाहेर निघतात आणि ठरलेला प्रश्न येतो, “केवढ्याला पडतं हो असं घर?” मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा वाटतो. हे घर जुनं झालं, तर त्याच जागी नवं बांधता येतं का?

सिअ‍ॅटलमध्ये अशी सुमारे 500 घरं आहेत. आपल्या डोळ्यांपुढे श्रीनगरची हाउसबोट येते, पण ही घरं तराफ्यावर बांधून धक्क्याला कायमची जखडलेली असतात. ओढून नेता येतात म्हणून ती जहाजं ठरत नाहीत. फ्लोरिडात रिव्हिएरा बीच शहराने असं एक घर जहाज मानून सागरी कायद्याखाली जप्त करवलं, लिलावात स्वतःच विकत घेतलं आणि मोडून टाकलं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी सांगितलं, ते जहाज नव्हतंच. मालक जिंकला, घर मात्र गेलं ते गेलंच.

जहाज नाही, म्हणजे घर. घर म्हटलं की झोनिंग आलं. झोनिंगमध्ये एक जुनी युक्ती आहे. नवा नियम येण्याआधीपासून उभं असलेलं, पण त्या नियमात न बसणारं बांधकाम पाडायचं नाही. वाढवू मात्र द्यायचं नाही, आणि पडलं-जळलं तर अनेक ठिकाणी पुन्हा बांधूही द्यायचं नाही. म्हातारं होऊन ते आपोआप संपेल, हा हिशेब.

पाण्यावरच्या घरांना तो फार महागात पडतो. सिअ‍ॅटलची जुनी घरं देवदाराच्या ओंडक्यांवर तरंगतात. ओंडके कुजतात, घर एका बाजूला कलतं. बदलायची परवानगी नसेल, तर मालक डागडुजी करत दिवस काढतो, आणि कुजकं घर तळ्याच्याही भल्याचं नसतं.

वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने 2011 मध्ये यावर कायदा केला. 1 जानेवारी 2011 पूर्वी रीतसर असलेलं तरंगतं घर नियमात बसणारंच मानायचं. स्थानिक प्रशासनाने वाजवी अटी घालाव्यात. पण दुरुस्ती करणं किंवा जुन्याच्या जागी नवं घर आणणं अशक्यच होईल, अशा अटी घालायच्या नाहीत.

अटी हव्यातच. लेक युनियन हा सॅमन माशांचा समुद्राकडे जायचा रस्ता आहे. तराफा मोठा झाला की पाण्यावरची सावली वाढते, आणि पिल्लांची वाट अवघड होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचा कायदा तर दीर्घकाळ बांधून ठेवलेल्या हाउसबोटीला चक्क ‘भराव’ मानतो. भराव घालघालून मुंबई उभी राहिली, त्यामुळे आपल्याला हे गंमतीचं वाटेल. पण तिथे 1965 साली आयोग नेमला गेला, तो भरावाने उपसागर आक्रसत चालला होता म्हणूनच.

मला मधला मार्ग पटतो: जुन्याच्या जागी नवं खुशाल बांधा, पण पाणी जास्त झाकू नका. आपल्याकडच्या 1991 च्या सीआरझेड अधिसूचनेतही असाच विचार होता. किनाऱ्यालगतच्या बांधीव शहरी भागात अधिकृत जुनी इमारत पुन्हा उभारता येई. मात्र एफएसआय तेव्हा लागू होता तेवढाच, आणि वापरही बदलायचा नाही. राहणाऱ्याचं छप्पर टिकतं आणि किनाराही सगळ्यांचा राहतो.

मंडळातल्या कुणाला असं घर घ्यायचा मोह झालाच, तर खिडकीतलं तळं पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. धक्क्यावरची जागा मालकीची, सहकारी संस्थेची की भाड्याची? शहराच्या दप्तरी हे फ्लोटिंग होम म्हणून नोंदलंय की बोट म्हणून? आणि उद्या बदलायचं झालं, तर उंची आणि तराफ्याचा आकार किती ठेवता येईल? उत्तरं विकणाऱ्याच्या तोंडी नकोत, परवाना खात्याच्या कागदावर हवीत.

पाण्याला सातबारा नसतो. म्हणून तिथे घरापेक्षा नोंद जपावी लागते.