टेंट दोघांचा, पत्ता कुणालाच नाही

अंदमानची ती रील तुम्हीही पाहिली असेल. निळं पाणी, पांढरी वाळू, वाळूवर एक टेंट. सकाळी जंगलातून ट्रेक, दुपारी स्नॉर्केलिंग, संध्याकाळी फक्त दोघं. आपण रील सेव्ह करतो, विमानाचं तिकीट बघतो आणि मग गुपचूप मॅपवर ‘डिंभे बॅकवॉटर’ टाईप करतो. मंचरवरून बाईक काढली की घोडेगाव, पुढे डिंभे आणि मग पाण्याच्या कडेने आहुप्याकडे जाणारा रस्ता. जुन्नरवाल्यांना माणिकडोह आहे, पिंपळगाव जोगा आहे, नाणेघाट आहे, खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड आहे. डोंगर आहे, पाणी आहे, टेंट भाड्याने मिळतो. आपलं अंदमान एका टाकी पेट्रोलवर आहे.

यात चूक काहीच नाही. जोडीने जाऊ नका असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. ते काम करायला घरचे, नातेवाईक आणि चौकातले काका पुरेसे आहेत. आम्हाला बोलायचंय ते निघण्याआधी घरी बोललेल्या एका वाक्याबद्दल.

“मैत्रिणीकडे थांबतेय, सबमिशन आहे.” “मित्राच्या गावची यात्रा आहे, उद्या येतो.”

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी बोललंय किंवा दुसऱ्यासाठी खपवलंय. तिची आई समजते की ती होस्टेलवर आहे. त्याचा भाऊ समजतो की तो यात्रेत आहे. प्रत्यक्षात दोघं अशा ठिकाणी आहेत जिथे मोबाईलची रेंज येते-जाते आणि सगळ्यात जवळचं घर अंधारात दिसतही नाही. आपल्याला वाटतं, डोंगरात धोका बिबट्याचा, पाण्याचा, दरडीचा. तो आहेच. पण तुम्ही कुठे आहात हे जगात एकालाही माहीत नसेल, तर यातला प्रत्येक धोका दुप्पट होतो.

पाण्याचंच घ्या. मालवणला स्नॉर्केलिंगला गेलात तर होडी असते, लाइफ जॅकेट असतं, सोबत तिथला समुद्र ओळखणारा माणूस असतो. तुम्ही पाण्यात आहात हे वर कुणीतरी मोजत असतं. डिंभ्याच्या काठावर मोजणारं कोणी नाही. आणि धरण म्हणजे समुद्रही नाही, तळंही नाही. ती बुडालेली दरी आहे. ज्या गावावरून आपल्या तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. तुम्ही पाय टाकता तिथे खाली कुणाची शेतं आहेत, बांध आहेत, भिंती आहेत. गुडघाभर पाणी वाटतं आणि पुढच्याच पावलाला तळ सुटतो. गाळात पाय रुतला की स्विमिंग पूलमधलं पोहणं कामी येत नाही. गढूळ पाण्यात मास्क लावून दिसणार तर काहीच नाही.

बिबट्याचंही तसंच. जुन्नर वनविभागातला बिबट्या फक्त जंगलात राहत नाही, उसात राहतो. गावकऱ्यांना हे पाठ आहे: अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, उघड्यावर वाकून बसायचं नाही, हातात बॅटरी ठेवायची. पण तुम्ही गावात कुणाशी बोललाच नसाल, कारण ‘कोण तुम्ही, कुठले?’ हा प्रश्न टाळायचा होता, तर ‘कालच इकडे दिसला होता’ हे तुम्हाला कोण सांगणार?

आणि एक धोका असा, ज्याबद्दल आपण ग्रुपवरही बोलत नाही. निर्जन जागी जोडपं दिसलं की फोटो काढून ‘घरी सांगू का?’ म्हणणारे, पैसे मागणारे लोक असतात. त्यांच्याकडे हत्यार असेलच असं नाही. तुमचं खोटंच त्यांचं हत्यार असतं. मुलगा पैसे देतो, मुलगी रडते, दोघं परत येतात आणि तक्रार कुठेच होत नाही. कारण तक्रार करायची तर आधी ‘आम्ही तिथे होतो’ हे सांगावं लागतं.

आता थोडं मागे जाऊ. 30 जुलै 2014. याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. 151 माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कसं कळलं? तिकडे नेहमीप्रमाणे गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, त्याने ते पुढे सांगितलं. माळीणच्या दुःखाची तुलना कुणाच्या सहलीशी होऊ शकत नाही, आम्ही ती करतही नाही. पण त्यातली एक गोष्ट डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कुणीतरी असावं लागतं, ज्याला आपण तिथे असणार हे माहीत आहे आणि नसलो तर खटकेल. आपण दिसलो नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर शोध सुरू कुठून होणार?

नाणेघाटात आजही जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. जकात घ्यायची म्हणजे कोण आलं, कोण गेलं हे कुणीतरी बघत होतं. सातवाहनांच्या काळातला व्यापारी घाट उतरताना जेवढा बेपत्ता नव्हता, तेवढे आपण हातात स्मार्टफोन घेऊन बेपत्ता होतो.

यात सगळा दोष आपलाच आहे का? नाही. नोंद ठेवणाऱ्या, भिंतीआडच्या जागी राहायला गेलं तर काउंटरवर विचारतात, “लग्नाचं सर्टिफिकेट?” किंवा “लोकल आयडी चालत नाही.” मग जोडपं उरलेल्या एकाच जागी जातं, जिथे कोणी काही विचारत नाही. म्हणजे पाण्याच्या काठावर. खरं तर दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. असं राहण्यास मनाई करणारा कायदाच नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं होतं. लॉजचा मालक स्वतःचे नियम लावू शकतो, पण त्याचा नियम म्हणजे कायदा नव्हे. मात्र एक लक्षात ठेवा: दोघांपैकी एकाचंही वय 18 पेक्षा कमी असेल तर गोष्ट वेगळी आहे. तिथे कायदा कडक आहे आणि ‘आमचं प्रेम आहे’ हे उत्तर चालत नाही.

2018 मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. पर्यटन म्हणजे फक्त कमान आणि सेल्फी पॉइंट नव्हे. आहुपे, घाटघरसारख्या गावांत घराच्या अंगणात टेंट लावू देणारी, पिठलं-भाकरी करून वाढणारी आणि दोन सज्ञान मुलांची नावं वहीत लिहून घेऊन पुढे चौकश्या न करणारी घरं वाढली, तर दोघांचाही फायदा आहे. तुम्ही सुरक्षित राहाल. आणि ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या, त्यांना या पाण्याच्या नजाऱ्यातून चार पैसे मिळतील.

तोवर आपल्या हातात काय आहे? पालकांना सगळं सांगा, असं आम्ही म्हणणार नाही. प्रत्येकाचं घर वेगळं असतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एका माणसाला खरं सांगा. मैत्रीण, मोठी ताई, मामेभाऊ, कुणीही. कुठे जातोय, बाईकचा नंबर काय, कुणासोबत, परत कधी. ‘रविवारी दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर घरी सांग’ एवढं त्या माणसाला बजावून ठेवा आणि त्याने खरंच सांगितलं तर नंतर त्याच्यावर चिडू नका. गावात शिरताना पहिल्या दुकानात चहा घ्या, कुठे थांबणार ते बोला, पाणी कसं आहे ते विचारा. काठाशी नको म्हणाले तर काठाशी टेंट लावू नका. पावसाळ्यात प्रशासनाची बंदी असेल तिथे जाऊ नका. कुणी धमकावलं तर 112 लावा. पोलिसांनी घरी सांगितलं तरी चालेल, इतकी मनाची तयारी करूनच निघा.

आणि ज्यांना कुणी मैत्रिणीने असं खरं सांगितलंय, त्यांनी तो निरोप पोटात ठेवा, पण घड्याळाकडे लक्षही ठेवा. दोन वाजून गेले आणि फोन आला नाही, तर तुम्हीच तिची एसटी आहात.